२५५ नंतर अचानक ५११

पाइपमधून पाणी वाहिलं की फ्लो सेन्सरमधली चक्री फिरते आणि तिच्याबरोबर पल्स येत राहतात. आर्दुइनो उनो बोर्ड त्या मोजतो. आकडा २५३, २५४ असा नीट चढत असतो आणि कधीतरी एकदाच ५११ दिसतो. पुढच्या वाचनाला पुन्हा २५७. मग सेन्सर बदलून बघतात, वायर बदलतात, सोल्डरिंग तपासतात. दोष मात्र प्रोग्राममध्ये असतो.

उनोवरची एटीमेगा३२८पी ही चिप ८ बिटांची. पल्सचा आकडा १६ बिटांचा असेल, तर तो वाचायला तिला दोन खेपा लागतात: आधी खालचा बाइट, मग वरचा. आकडा २५५ असताना खालचा बाइट २५५ आणि वरचा ०. मुख्य प्रोग्रामने खालचा उचलला आणि नेमकी तेव्हाच पल्स आली. चिप हातातलं काम तिथेच सोडून इंटरप्ट हँडलरकडे, म्हणजे पल्ससारखी घटना घडताच चालणाऱ्या छोट्या फंक्शनकडे, धावते, हँडलर आकडा २५६ करतो, म्हणजे खालचा ० आणि वरचा १. परत आल्यावर मुख्य प्रोग्राम वरचा बाइट वाचतो: १. जुने २५५ आणि नवे २५६ मिळून ५११!

१६ मेगाहर्ट्झवर ही फट सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास असते. टेबलावरच्या चाचणीत ती सापडणं जवळजवळ अशक्य. व्हेरिएबलला ‘व्होलाटाइल’ हा शब्द लावा, हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो अर्धाच आहे. त्यामुळे कंपायलर दरवेळी मेमरीतून ताजी किंमत वाचतो, दोन खेपांची एक खेप होत नाही. क्षणभर इंटरप्ट बंद करून आकड्याची प्रत घ्यायची आणि ते पूर्ववत करायचे, हा खरा उपाय.

एका आकड्याची ही गत, तर फंक्शनची काय होईल? मेमरी मागून घेण्याचं फंक्शन ‘मॅलॉक’ मोकळ्या मेमरीच्या तुकड्यांची साखळी सांभाळतं. मुख्य प्रोग्राम त्या साखळीची कडी बदलत असताना हँडलरनेही ‘मॅलॉक’ला हाक मारली, तर साखळी तुटते आणि प्रोग्राम कोसळतो भलत्याच ठिकाणी. मजकूर बाहेर पाठवणाऱ्या ‘प्रिंटएफ’चा त्रास वेळेचाही आहे. ११५२०० बॉडला (सेकंदाला ११५२०० बिट) एक अक्षर पाठवायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. अक्षरं जाईपर्यंत हँडलर थांबून राहिला, तर ४० अक्षरांच्या संदेशात साडेतीन मिलिसेकंद जातात. मोटरच्या एन्कोडरकडून (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरकडून) सेकंदाला १०,००० पल्स येत असतील, तर तेवढ्यात ३५ येऊन जातात. चिप त्यांतली एकच लक्षात ठेवते.

अनेक कामं (टास्क) वेळेवर आलटून-पालटून चालवणारी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम आली की आणखी एक प्रश्न उभा राहतो, थांबण्याचा. टास्क क्यूपाशी, म्हणजे निरोपांच्या रांगेपाशी, थांबू शकतो, कारण कोणी कधी चालायचं ते ठरवणारा शेड्यूलर त्याला झोपवून दुसऱ्याला उठवतो. हँडलर हा टास्कच नव्हे. त्याने थांबायचं म्हटलं, तर झोपवायचं कोणाला? मधेच अडवलेल्या बिचाऱ्या टास्कला? म्हणून रिचर्ड बॅरी यांनी २००३च्या सुमारास सुरू केलेल्या फ्रीआरटीओएस या अशाच सिस्टिममध्ये अशा फंक्शनांच्या दोन जाती आहेत. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘फ्रॉम-आयएसआर’ (आयएसआर म्हणजे इंटरप्ट हँडलरच) येतं, तीच हँडलरमधून बोलवायची. ती कधीच थांबत नाहीत. क्यू भरलेली असेल तर तसं सांगून लगेच परततात. वरच्या प्राधान्याचा टास्क जागा झाला का, हेही कळवतात. ते बघून हँडलरच्या शेवटी टास्क बदलायला सांगायचं विसरलं, तर तो टास्क पुढच्या टिकपर्यंत, म्हणजे सिस्टिमच्या घड्याळाच्या पुढच्या ठोक्यापर्यंत, ताटकळू शकतो.

नाव बरोबर निवडूनही लोक अडकतात ते प्राधान्याच्या आकड्यांत. कॉर्टेक्स-एम चिपमध्ये आकडा जितका लहान, तितकं प्राधान्य मोठं. त्याच घराण्यातल्या बऱ्याच एसटीएम३२ चिपवर ० ते १५ अशा पायऱ्या असतात. फ्रीआरटीओएसची मर्यादा ५ ठेवली, तर ५ ते १५ मधल्या इंटरप्टनाच तिची फंक्शनं वापरता येतात. ० ते ४ वाल्यांना फ्रीआरटीओएस कधी अडवतच नाही. क्यूच्या याद्या ती बदलत असतानाही ते मध्ये घुसू शकतात. आणि चिप रीसेट झाली की प्रत्येक इंटरप्टचं प्राधान्य असतं ०! म्हणजे काहीच न ठरवलेला इंटरप्ट थेट निषिद्ध पट्ट्यात. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ वर ‘कॉन्फिग-असर्ट’ (फ्रीआरटीओएसची चुका पकडणारी तपासणी) चालू ठेवला, तर अशा इंटरप्टमधून ‘फ्रॉम-आयएसआर’ला पहिली हाक जाताच प्रोग्राम तिथेच थांबतो. नवा प्रोजेक्ट उघडल्यावर पहिल्याच दिवशी तो चालू करावा.