डाय फोर्जिंग: एकसारख्या नगाची गरज कुठून आली

तापलेले लोखंड ठोकून घडवले की ते बळकट होते, हे लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण त्याच्या ऐरणीवरून उतरलेले दोन फाळ कधी हुबेहूब सारखे नसत. नांगराचे त्यावाचून काही अडत नव्हते. बंदुकीचे अडत होते, कारण एका बंदुकीचा मोडलेला भाग दुसरीच्या भागाने बदलता यायला हवा होता.

डाय फोर्जिंगला, म्हणजे तापलेला धातू डायमध्ये (आकार कोरलेल्या दोन भागांच्या साच्यात) ठोकून घडवण्याला, जोर मिळाला तो या गरजेतून. अमेरिकेत हार्टफर्ड येथील सॅम्युअल कोल्ट यांच्या बंदुकांच्या कारखान्यात एलिशा रूट यांनी १८५० च्या दशकात ड्रॉप हॅमरचा वापर वाढवला. डायचा एक अर्धा भाग खाली ऐरणीवर, दुसरा वरून पडणाऱ्या हातोड्याला. मध्ये लालबुंद तुकडा ठेवला की काही ठोक्यांत धातू खाचा भरून काढतो आणि जास्तीचा कडेने पातळ पापुद्र्यासारखा बाहेर येतो. हा फ्लॅश कापून टाकला की नग जवळजवळ अंतिम आकारात हाती येतो. मशीनवर छिलायला थोडेच उरते.

ताकदीचा ठोका याआधीच मिळाला होता. जेम्स नॅस्मिथ यांनी १८३९ मध्ये वाफेच्या हातोड्याचे चित्र काढले ते ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाची बाजूची चाके फिरवणाऱ्या प्रचंड शाफ्टसाठी (दांड्यासाठी). पुढे त्या जहाजाला चाकांऐवजी पाण्याखालचा पंखा बसवायचे ठरले आणि तो शाफ्ट लागलाच नाही. हातोडा मात्र फ्रान्समध्ये क्रूझो येथे प्रत्यक्षात आला आणि नॅस्मिथ यांनी १८४२ मध्ये पेटंट घेतले.

माझ्या मते फोर्जिंगचा सर्वांत मोठा गुण डोळ्यांना सहज दिसत नाही. फोर्ज केलेला क्रँकशाफ्ट (इंजिनातला वळणावळणांचा फिरता दांडा) उभा कापून घासावा आणि त्यावर गरम आम्लाची प्रक्रिया करावी: लाकडातल्या रेषांसारख्या रेषा उमटतात आणि त्या क्रँकच्या वळणांबरोबर वळलेल्या दिसतात. तोच आकार सरळ दांड्यातून कोरून काढला, तर या रेषा ऐन वळणावर तुटतात. लाखो वेळा उलटसुलट ताण सोसणाऱ्या भागात तडा बहुधा अशाच जागी सुरू होतो. ओतीव भागात तर या रेषा नसतातच, शिवाय पोकळ्या राहण्याचा धोका असतो. म्हणून जिथे भाग तुटणे जिवावर बेतते, तिथे मी फोर्जिंगचाच आग्रह धरीन. आतून पोकळ, गुंतागुंतीच्या आकारासाठी मात्र ओतकामच बरे.

विमानांनी वेगळी मागणी केली: मोठा पण हलका भाग, तोही शक्यतो अखंड. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने त्यासाठी अजस्र प्रेस, म्हणजे ठोक्याऐवजी दाबाने धातू घडवणारी यंत्रे, उभारले. ते पाहून अमेरिकेने १९५० मध्ये सरकारी कार्यक्रम हाती घेतला आणि ५०,००० टन दाबाचे दोन फोर्जिंग प्रेस बांधले.

डाय कोरणे महागडे काम. तो खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच परवडतो. पुण्यात हा धंदा रुजला त्यामागे हे गणित आहे. नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये भारत फोर्जची स्थापना केली, मुंढव्याला कारखाना उभा राहिला आणि पिंपरी-आकुर्डी पट्ट्यात वाहनांचे कारखाने वाढत गेले. ट्रकचे क्रँकशाफ्ट आणि पुढचे अ‍ॅक्सल हे या कामाचे मुख्य नग. पुढे हातोड्यांच्या जोडीला मोठे स्वयंचलित प्रेस आले. त्यांची भूक देशातल्या मागणीने भागणारी नव्हती, म्हणून निर्यात वाढवावी लागली. २००४ मध्ये कंपनीने जर्मनीतील कार्ल डॅन पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनीच विकत घेतली.