बँका पुन्हा उघडणे (अमेरिका, मार्च १९३३)

महामंदीच्या काळात अमेरिकेतील सर्व बँका सरकारी हुकमाने बंद करून, तपासून आणि परवाना देऊन टप्प्याटप्प्याने उघडण्यात आल्या, त्या प्रक्रियेविषयीची ही नोंद. बंदीच्या काळाला ‘बँक हॉलिडे’ असे सौम्य नाव मिळाले. प्रत्यक्षात ती खातेदारांना पैसे देण्यावरची मनाई होती.

त्या वेळी तिथल्या बहुतेक बँका एकाच कचेरीच्या आणि गावापुरत्या असत, कारण अनेक राज्यांत शाखा काढण्यावर कायद्याने बंधने होती. गव्हाचे भाव कोसळले की शेतकऱ्याचे कर्ज थकायचे आणि पाठोपाठ बँक बुडायची. १९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँका बुडाल्या. ठेवींना देशपातळीवर विमा नव्हता, त्यामुळे जो आधी खिडकीशी पोचेल त्याचे पैसे सुटत. ठेवीतला बराच पैसा कर्जात गुंतलेला असल्याने धडधाकट बँकही अशा रांगेपुढे फार काळ टिकत नसे. निर्बंध आलेल्या सहकारी बँकेबाहेरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

बँकांना उसंत मिळावी म्हणून राज्ये एकेक करून सुट्टी जाहीर करू लागली. लुइझियानाने फेब्रुवारी १९३३ मध्ये जे निमित्त काढले ते मासलेवाईक होते: १६ वर्षांपूर्वी अमेरिकेने जर्मनीशी संबंध तोडले, त्याची आठवण! १४ फेब्रुवारीला मिशिगन राज्याच्या बँका बंद झाल्या आणि मग लोण थांबेना. ४ मार्चला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, त्या सकाळी न्यूयॉर्क आणि इलिनॉय येथील बँकाही बंद होत्या. ६ मार्चला रूझवेल्ट यांनी देशभर बंदी पुकारली. तिला आधार घेतला तो १९१७ च्या, शत्रूराष्ट्रांशी व्यापाराबाबतच्या युद्धकालीन कायद्याचा.

रोकड नसताना बाजार उधारीवर आणि स्थानिक चिठ्ठ्यांवर चालला. ही युक्ती आधीचीच होती. वॉशिंग्टन राज्यातल्या टेनायनो गावची एकमेव बँक डिसेंबर १९३१ मध्ये बुडाली, तेव्हा तिथल्या व्यापारी मंडळाने खातेदारांना ठेवीच्या २५ टक्क्यांपर्यंत चिठ्ठ्या दिल्या. पुढे त्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर छापल्या गेल्या. नवलाई म्हणून संग्राहकांनी त्या ठेवून घेतल्या आणि पुष्कळशा वटवायला परत आल्याच नाहीत.

९ मार्चला आणीबाणीचा बँक कायदा एका दिवसात मंजूर झाला. विधेयकाच्या पुरेशा प्रतीही छापून झाल्या नव्हत्या, त्यामुळे बहुतेक प्रतिनिधींनी न वाचताच मत दिले. बँकांच्या मालमत्तेच्या तारणावर जादा नोटा काढण्याची मुभा या कायद्याने दिली. नवे ठसे करायला सवड नव्हती. राष्ट्रीय बँकांच्या नोटांचाच साचा वापरला आणि ‘अध्यक्ष’ या बँकप्रमुखाच्या पदनामावर काळी पट्टी मारून ‘गव्हर्नर’ छापले.

रविवारी, १२ मार्चच्या रात्री रूझवेल्ट रेडिओवरून बोलले. बँक ठेवीचे काय करते इथपासून सुरुवात करून, पैसे गादीखाली ठेवण्यापेक्षा उघडलेल्या बँकेत ठेवणे अधिक सुरक्षित, असे त्यांनी सांगितले. सोमवारी फेडरल रिझर्व्ह बँक (मध्यवर्ती बँकव्यवस्थेची विभागीय बँक) असलेल्या १२ शहरांत, मंगळवारी समाशोधन गृहे (बँका आपसातले धनादेश वटवतात ती ठिकाणे) असलेल्या शहरांत आणि बुधवारपासून इतर गावांत परवानाधारक बँका उघडल्या. गावातली बँक म्हणजे तिसरा दिवस. दारे उघडली तेव्हा रांगा पुन्हा लागल्या, पण या वेळी बरेच लोक पैसे भरायला आले होते. घरात दडवलेल्या रोकडीपैकी सुमारे दोनतृतीयांश रक्कम महिनाअखेरपर्यंत परतली.

तपासणी इतक्या थोड्या दिवसांत काटेकोर होणे शक्यच नव्हते. कॅलिफोर्नियाच्या बँक ऑफ अमेरिकेला परवाना द्यायला सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख तयार नव्हते. अर्थमंत्री विल्यम वुडिन यांनी तो द्यायला लावला. म्हणजे लोकांचा विश्वास परत आणला तो हिशेबाच्या वह्यांपेक्षा सरकारच्या शिक्क्याने.

हा शिक्का सर्वांना मिळाला नाही. अनेक बँका सरकारी व्यवस्थापकाच्या ताब्यात गेल्या आणि हजारो कायमच्या मिटल्या. डेट्रॉइटच्या दोन सर्वांत मोठ्या बँका पुन्हा उघडल्याच नाहीत. तिथे २४ मार्चला जनरल मोटर्स आणि सरकारी वित्त महामंडळ यांच्या भांडवलावर नवी बँक सुरू झाली. जुन्या बँकांच्या खातेदारांना मात्र आपले पैसे हप्त्याहप्त्याने मिळत राहिले.

१ जानेवारी १९३४ पासून अमेरिकेत ठेवींना २,५०० डॉलरपर्यंत विमा लागू झाला. भारतात त्यासाठी १९६२ साल उजाडावे लागले. अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ मुंबईत स्थापन झाले. तेव्हा संरक्षण होते एका खातेदारामागे एका बँकेत १,५०० रुपयांचे.