मेंदूच्या पेशीत रिसेप्टर नेमका कुठे असतो : पार्श्वभूमी

वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शने 2025 मध्ये पुण्यातल्या औषधांच्या दुकानांत आली आणि ती ज्याची नक्कल करतात त्या जीएलपी-1 या भूक कमी करणाऱ्या संप्रेरकाचा रिसेप्टर (संप्रेरकाचा संदेश पकडणारे प्रथिन) मेंदूत कुठे असतो, याची चौकशी प्रयोगशाळेबाहेरही होऊ लागली. हायपोथॅलॅमस किंवा मेंदूस्तंभ असे उत्तर मिळते. पण पेशीत नेमका कुठे, याचा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

इन्सुलिनचे रिसेप्टर उंदरांच्या मेंदूत सर्वदूर असल्याचे 1978 मध्ये दिसले. लेप्टिन हे चरबीतून येणारे, भूक आवरणारे संप्रेरक 1994 मध्ये सापडले, त्याचा रिसेप्टर पुढच्या वर्षी. हा रिसेप्टर बहुतांशी पेशीच्या आतल्या पिशव्यांत पडून असतो. पृष्ठभागावर जेमतेम 5 ते 25 टक्के.

खरी गोची अँटीबॉडींची, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते रंगवून दाखवणाऱ्या रेणूंची. 2013च्या सुमारास जीएलपी-1 रिसेप्टरच्या बाजारात मिळणाऱ्या अनेक अँटीबॉडी तपासल्या गेल्या, तेव्हा रिसेप्टरचे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांच्या ऊतींतही त्या रंग देत होत्या. म्हणजे त्यांच्या भरवशावर काढलेले नकाशे रद्दीतच जमा. जीएलपी-1चा रिसेप्टर ज्या जीपीसीआर कुळातला आहे, त्यातले रिसेप्टर संख्येने थोडे असतात आणि पटलाबाहेर त्यांचा फारसा भाग डोकावत नाही, त्यामुळे अँटीबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटते. एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठीची जनुकाची प्रत) शोधणाऱ्या पद्धतीने कोणती पेशी तो बनवते ते कळते. पण प्रथिन पुढे अक्षतंतूच्या (चेतापेशीच्या लांब धाग्याच्या) टोकापर्यंत जाते, ते तिला दिसत नाही. जनुक नसलेल्या उंदराचा काप शेजारी ठेवल्याशिवाय कुठलेही छायाचित्र पुरावा मानू नये. पृष्ठभागावरचाच रिसेप्टर मोजायचा असेल, तर डिटर्जंट न घालता रंगवावे. घातला की आतलाही रंगतो.

अलीकडे सगळे लक्ष सिलियमकडे, म्हणजे चेतापेशीवरच्या एकुलत्या एका केसासारख्या टोकाकडे वळले आहे, आणि ते रास्तच आहे. सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचा तिसरा रिसेप्टर तिथे 1999 मध्ये दिसला, भूक वाढवणाऱ्या एमसीएचचा 2008 मध्ये. मधल्या काळात, 2007 मध्ये, प्रौढ उंदरांतले सिलियम बिघडवल्यावर ते उंदीर अतोनात खाऊन लठ्ठ झाले होते. 2018 मध्ये भूक आवरणारा एमसी4आर हा रिसेप्टरही तिथेच दिसला. चांगली अँटीबॉडी नसल्याने त्याला जनुकातूनच चमकणारी शेपटी जोडावी लागली. लठ्ठपणाशी जोडलेले काही बदल या रिसेप्टरला सिलियमपर्यंत पोचूच देत नाहीत.

सिलियम काही मायक्रॉन लांबीचे असते, त्यामुळे पातळ कापात ते अर्धवट छाटले जाते. 30 ते 40 मायक्रॉनचे काप घ्यावेत आणि थरांची चित्रे एकत्र जोडावीत. सिलियम ओळखायला चेतापेशींत अॅडेनिलेट सायक्लेज 3 या प्रथिनाची खूण चालते. अॅस्ट्रोसाइटमध्ये (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत) मात्र एआरएल13बी या प्रथिनाची बरी.