खाडीवरचं धुकं नेमकं येतं कुठून, आणि त्यात ट्रेनचा फोटो कसा काढायचा

थंडी पडली की पुण्यातली आम्ही रेल्वेवेडी मंडळी कोकणाच्या वाटेला लागतो. कोणी ताम्हिणी उतरून माणगाव गाठतं, कोणी पूर्णा एक्सप्रेस पकडून पार गोवा-कारवारकडे जातं, आणि सगळ्यांना एकच फ्रेम हवी असते, खाडीवरचा पूल, खाली धुकं, धुक्यातून येणारी गाडी. फोटो मिळाला की लोक हमखास म्हणतात, वा, समुद्रावरून काय धुकं आत आलंय. पण आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात जे सकाळचं धुकं दिसतं ते समुद्रातून येत नाही, ते जमिनीवर तयार होतं आणि समुद्राकडे जातं. हे एकदा कळलं की कुठे उभं राहायचं, किती वाजता, कोणत्या दिवशी, सगळंच बदलतं.

समुद्रावर धुकं व्हायला पाणी गार लागतं. सॅन फ्रान्सिस्कोला तसं आहे, तिथे किनाऱ्यालगत थंड प्रवाह आहे, वरून दमट हवा आली की ती खालून गार होते आणि धुकं धरतं. आपला अरबी समुद्र ऐन जानेवारीतही २७-२८ अंशांच्या आसपास असतो, त्यावर हवा गार होणार कशी? गार होते ती जमीन. आकाश निरभ्र असलं की रात्रभर जमिनीतली उष्णता वर निघून जाते, जमिनीला टेकलेली हवा गार आणि जड होते, सावित्री-वाशिष्ठीसारख्या नद्यांच्या खोऱ्यात साचते, म्हणून महाड-चिपळूणकडे सकाळी दाट धुकं असतं. हीच गार हवा उताराने खाडीत उतरते आणि मतलई वारा तिला मुखाकडे ढकलतो. खाडीचं पाणी त्या मानाने कोमट, त्यामुळे त्यावरून वाफ उठते आणि लगेच गार हवेत तिचे थेंब होतात, बंबातल्या पाण्यावर पहाटे वाफ दिसते तसंच.

कारवारजवळच्या काळी नदीच्या किंवा होन्नावरजवळच्या शरावतीच्या पुलाजवळ काठावर उभं राहून नीट बघा. पाण्यावरून धुक्याचे वीतभर, हातभर उंचीचे धागे उठताना दिसतात, थोडं वर जाऊन विरतात, आणि ते सगळे समुद्राच्या बाजूला कललेले असतात. ते कललेले आहेत तोवर मतलई वारा चालू आहे आणि तुमच्या हातात वेळ आहे. ते सरळ उभे राहायला लागले की वारा पडला, आणि मग खारे वारे सुरू झाले की खेळ संपला. शरावतीचा पूल दोन किलोमीटरहून लांब, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, त्यामुळे एकाच गाडीचं इंजिन उन्हात आणि मागचे डबे धुक्यात असंही तिथे मिळू शकतं.

अजून एक गोष्ट, सूर्य उगवला की धुकं लगेच जाईल असं समजून पॅकअप करू नका. बऱ्याचदा उगवतीनंतर ते आधी वाढतं, कारण पहिल्या उन्हाने दव उडून हवेत जातं आणि हवा जरा ढवळली जाते, जमिनीलगतचा पातळ थर जाड होतो. नंतर मात्र कडेकडेने पटापट विरतं.

आणि किनाऱ्यावर दिसणारं सगळंच पांढुरकं काही धुकं नसतं. लाटा फुटतात तेव्हा मिठाचे बारीक कण हवेत जातात, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे कण पाणी ओढून फुगतात. त्याने लांबचे डोंगर फिकट, जरासे निळसर दिसतात. धुक्याचे थेंब याहून बरेच मोठे, साधारण १०-२० मायक्रॉनचे, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट, ते सगळे रंग सारखेच विखुरतात म्हणून धुकं पांढरं. हवामानशास्त्रात १ किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर धुकं, नाहीतर ते धुरकं.

आता फोटोचं गणित, मला हे सगळ्यात आवडतं. धुक्यात कॉन्ट्रास्ट अंतराबरोबर सरळ रेषेत कमी होत नाही, घातांकी पद्धतीने घसरतो. १९२४ साली कोश्मीडर या शास्त्रज्ञाने याचं सूत्र मांडलं. समजा १ किलोमीटरपर्यंतच दिसतंय, म्हणजे तिथे कॉन्ट्रास्ट जेमतेम २ टक्के उरलाय. मग ५०० मीटरवरच्या इंजिनाचा साधारण १४ टक्के उरतो, २५० मीटरवर ३८, आणि १०० मीटरवर ६८. म्हणून लांबून मोठी झूम लेन्स लावून काही होत नाही, लेन्स गाडी जवळ आणते पण मधलं धुकं तिथेच राहतं. साधी ५० एमएम घ्या आणि जागा जवळची निवडा. जवळ म्हणजे रुळांवर नाही हां, रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं कायद्याने गुन्हा आहे आणि धुक्यात तर जिवावरचा खेळ आहे. खाडीचा काठ, सार्वजनिक रस्ता, बस्स.

दिशा पण महत्त्वाची. थेंबांवर पडलेला प्रकाश बहुतांश पुढेच जातो, मागे फार थोडा येतो. म्हणून सूर्य गाडीच्या मागे असेल तर अख्खं धुकं उजळतं, आणि इंजिनाचा हेडलाइट समोरच्या बाजूने भला मोठा तेजोगोल दिसतो, पण बाजूने बघितलं तर फिकट झोत. सूर्य तुमच्या पाठीमागे असला तर धुकं मळकट, पण तेव्हा समोर धुक्यात पांढरं धनुष्य दिसतंय का बघा. थेंब फार बारीक असल्यामुळे त्यातले रंग एकमेकांत मिसळून जातात. कॅमेऱ्याचा मीटर सगळं करडं करायला बघतो, त्यामुळे एक्सपोजर साधारण एक स्टॉप वर ठेवायचं, म्हणजे मीटर सांगतो त्याच्या दुप्पट प्रकाश घ्यायचा, आणि हेडलाइट थेट लेन्समध्ये आला की फ्रेम बघून परत ठरवायचं.

गाडी दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येते, त्यालाही कारण आहे. खाली गार हवा आणि वर उबदार, आणि उबदार हवेत आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो. लांबच्या बोगद्याजवळचा हॉर्न पाण्यावरून स्पष्ट येतो, मग पुलाचा खडखडाट, मग गाडी. तोवर ओव्हरहेड वायरच्या खांबांकडे कान द्या, इन्सुलेटरवर साठलेलं मीठ धुक्याने ओलं होतं आणि २५ हजार व्होल्टखाली बारीक चरचर ऐकू येते. या इन्सुलेटरची साफसफाई किनाऱ्यावर का गरजेची, ते तिथे कानाने कळतं.

लोकोपायलटला मात्र हे धुकं सुंदर वगैरे वाटत नसणार. दाट धुक्यासाठी रेल्वेचा जुना नियम म्हणजे स्टेशन मास्तरने १८० मीटरवरची ठरलेली खूण दिसते का बघायचं, नाही दिसली तर सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळांवर डिटोनेटर लावायचे, चाकाखाली फुटले की ड्रायव्हर सावध. आता उत्तरेकडच्या गाड्यांमध्ये जीपीएसवर चालणारं फॉग सेफ डिव्हाइस असतं, पुढचा सिग्नल किती लांब आहे ते आधीच सांगतं.

आणि हे पुण्यात बसून वाचणाऱ्यांना सांगायलाच हवं, धुक्यावरचं मोठं काम आपल्या पाषाणमधूनच चाललंय. आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, २०१५ पासून दिल्ली विमानतळावर धुक्याची मोजमापं सुरू केली, थेंब, तापमान, धूलिकण सगळं, उद्देश हा की धुकं कधी धरेल आणि कधी उठेल ते आधी सांगता यावं. आपल्यासाठी दिवस निवडायला त्यातलं मूळ तत्त्व पुरेसं आहे: आदल्या दिवशी हवा दमट, रात्री ढग नाहीत, वारा जवळपास नाही. संध्याकाळी हवामान खात्याचं सॅटेलाइट चित्र बघा, कोकणावर ढग नसतील तर निघा. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, गार काचेवर दव धरतं, बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. म्हणजे पहिल्या गाडीच्या बऱ्याच आधी पोचायचं.