चाक नव्याने बांधून घेण्याआधी वाचा

"मागच्या चाकाची तार तुटलीय, एक घालून द्या." पंक्चरखालोखाल आमच्याकडे येणारी तक्रार हीच. एक तार घालून देतो. काही दिवसांत तीच सायकल परत येते, या वेळी शेजारची तार गेलेली असते. तिसऱ्या खेपेला आम्ही म्हणतो की आता एक-एक तार नको, पूर्ण चाक उसवून पुन्हा बांधूया. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "चाक तर सरळच हाय की वो, मग सगळं कशाला उसवताय?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर टेकतो. सायकलची तार दोन मिलिमीटर जाडीची, ती टेकूचे काम करूच शकत नाही. म्हणून सगळ्या तारा आधीच घट्ट ताणून ठेवतात. तुम्ही बसलात की जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा कमी होतो आणि चाक फिरून त्या वर गेल्या की पुन्हा पहिल्यासारखा होतो. 28 इंची चाक किलोमीटरला साधारण 450 फेऱ्या मारते. येळ्ळूरहून किंवा मच्छेहून बेळगावच्या उद्यमबागेत कामाला येणारा माणूस जाऊन-येऊन वीस किलोमीटर चालवत असेल, तर प्रत्येक तार दिवसाला 9,000 वेळा ढिली-घट्ट होते. मुळात ताण भरपूर असेल तर तारेला त्याचे काही वाटत नाही. ताण कमी असेल तर ती दर फेरीत पूर्ण सैल पडते, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकात हलते आणि डोक्याजवळच्या वळणावर मोडत जाते. तारा बहुतेक वेळा ढिलेपणाने तुटतात. जास्त आवळल्याने तुटतात हा समज काढून टाका.

तुटलेली तार फेकू नका, सोबत आणा. वळणावर तुटली असेल तर ताण कमी होता. आट्यांजवळ तुटली असेल तर तार आखूड पडली होती किंवा निपल (रिमकडचे तार आवळायचे छोटे नट) जाम झाले होते. मधोमध तुटली असेल तर काहीतरी आत अडकले होते. फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राच्या) बाजूच्या तारांवर ओरखडे दिसले तर कधीतरी चेन मागे पडून त्यात घासलेली आहे. मग त्या बाजूच्या सगळ्याच तारा बदलणे बरे.

नवी सायकल असूनही असे का होते? हल्ली खोक्यात येणाऱ्या सायकलींची चाके मशीनवर झटपट बांधलेली असतात. कमी ताणावर चाक सरळ करणे सोपे, म्हणून ते तिथेच सोडून देतात. पुढे रस्त्यावर ते डुलायला लागले की कोणीतरी आऊट काढून देतो, म्हणजे जिथे वाकडे दिसेल तिथली एक तार आवळतो आणि समोरची सोडतो. चाक सरळ दिसते, पण एक तार कडक आणि शेजारची लुळी. असे चाक उभ्या सायकलीवरच सरळ. मागे दुधाचे कॅन लटकवले किंवा राजहंसगडाचा चढ उभ्याने पायडल मारत काढला की लुळ्या तारांचा हिशेब सुरू होतो.

घरी तपासायचे तर सायकल उलटी करा आणि एकाच बाजूच्या तारा बोटाने छेडत जा. सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा हवा. एक टणटणीत आणि दुसरी नुसती भद् वाजत असेल तर चाक आमच्याकडे आणा. मागच्या चाकात फ्रीव्हीलकडचा सूर वरचा लागतो, तो दोष नव्हे. त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या बसतात, त्यामुळे त्यांना ताण जास्त द्यावाच लागतो.

आता आमचे काम. टायर-ट्यूब काढून आधी हब बघतो. त्यातला कोन (बेअरिंगच्या गोळ्या धरून ठेवणारा शंकूसारखा नट) ढिला किंवा गोळ्या झिजलेल्या असतील तर चाक स्टँडवरच डुलते आणि पुढचे सगळे मोजमाप फसते. गोळ्या मागे पाव इंची, पुढे 3/16 इंची. मग तारा सोडवून मोकळी रिम सपाट फरशीवर ठेवतो. ती डगमगली किंवा निपलच्या भोकाभोवती चीर दिसली तर रिम बदलावी लागेल, आणि ते तुम्हाला विचारूनच होईल. वाकडी रिम तारांनी ओढून सरळ करता येते हे खरे, पण मग ताण सारखा राहत नाही.

दोन-तीन तारा तुटलेल्या चाकात आम्ही सगळ्याच तारा नव्या घालतो. उरलेल्याही तितक्याच फेऱ्या फिरलेल्या असतात. आट्यांना तेल लावून 36 भोकांच्या चाकात प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून नेतो आणि शेवटच्या छेदाला खालून अडकवतो. तिरप्या तारांची ही पद्धत इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीने 1874 साली पेटंट केली. आजही तीच चालते, कारण चेनने हबला दिलेला पीळ तिरपी तारच रिमपर्यंत नीट पोचवते.

आवळणे व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू होते आणि तिथेच येऊन संपते, दर फेरीला प्रत्येक निपल सारखेच. आधी उभा आऊट (वर-खाली उडणे), मग आडवा (डावी-उजवीकडे डुलणे), मग चाक बरोबर मध्यावर आहे का ते. निपलच्या एका पूर्ण आट्यात तार अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी सरकते, म्हणून शेवटी पाव-पाव आट्याने काम चालते. निपलबरोबर तारही पिळली जाते, त्यामुळे थोडे पुढे नेऊन मागे आणावे लागते. मग समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबतो. कट्-कट् आवाज येतो, तारा जागेवर बसतात आणि आऊट पुन्हा थोडा निघतो. तो काढायचा, पुन्हा दाबायचे, चाक हलेनासे होईपर्यंत. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि वेळही इथेच लागतो. म्हणून चाक सकाळी देऊन दुपारी मागू नका, एक रात्र तरी आमच्याकडे राहू द्या.

खानापूर-जांबोटीकडच्या गिऱ्हाइकांना एक विनंती. तिकडच्या पावसात आणि लाल चिखलात निपल गंजून बसतात. पावसाळा संपला की प्रत्येक निपलवर तेलाचा एक थेंब सोडा. जाम निपल पक्कडीने फिरवू नका, त्याचे कोपरे गेले की ते कापूनच काढावे लागते.

लहान मुलांच्या स्वस्त सायकलीचे चाक बांधून घेऊ नका असे आम्हीच सांगू. तयार चाक त्यापेक्षा कमी पैशांत येते. फक्त ते बसवण्याआधी आमच्याकडे एकदा आवळून घ्या.

बांधलेले चाक शंभरेक किलोमीटर चालवून एकदा दाखवायला आणा, त्या तपासणीचे पैसे घेत नाही. रविवारी चोर्ला घाटात जायचे असेल तर शनिवारी संध्याकाळी चाक बांधायला टाकू नका. पूर्ण सायकल आणायची गरज नाही, सुटे चाक आणले तरी चालते. मात्र मागचे चाक आणताना एक्सलचे नट आणि वायसर पिशवीत घालून सोबत द्या. मजुरीचे दर काउंटरवरच्या पाटीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले आहेत. तारा आणि रिमचे पैसे वेगळे.