एकतीस इंचांची जागा : अटलांटिकवरच्या इकॉनॉमी क्लासची पार्श्वभूमी

परभणीहून देवगिरीनं मुंबई, मुंबईहून मध्यरात्रीच्या विमानानं लंडन, तिथं काही तास थांबून पुढं न्यूयॉर्कजवळचं नेवार्क. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या बाळंतपणासाठी आई या वाटेनं अमेरिकेला गेली, सोबतीला मी होतो. लंडनपर्यंतची रात्र डुलक्या घेत सरली. कस लागला तो लंडनच्या पुढं. तीन-चार-तीन अशी रांग, मधल्या चारांत आतली खुर्ची आईची, पायाशी धपाट्यांची पिशवी आणि गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले. तासाभरात पुढच्या प्रवाशानं पाठ मागं रेलली. "आरं, पाय लांबच होईनात की," एवढंच ती म्हणाली. पुढचे सात तास तिनं तक्रारीचा एक शब्द काढला नाही, पण उतरताना पायांत चप्पल जाईना इतके पाय सुजले होते.

परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर, कुठल्याही कॉलनीत विचारा, अशी आई किंवा असे वडील सापडतात. मुलगी नाहीतर मुलगा तिकडं, इथं गुडघेदुखी आणि बीपीच्या गोळ्या, आणि वर्षा-दोन वर्षांनी हा प्रवास. त्यांना मिळणारी ही जागा एवढीच का, ती कुणी आणि कधी ठरवली, हे शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं की या खुर्चीला मोठा इतिहास आहे आणि तो जवळजवळ सगळा अटलांटिकवरच घडला आहे.

विमानातले 'क्लास' आले बोटींतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून अमेरिकेत स्थलांतर करणारे लाखो गरीब लोक बोटीच्या तळमजल्यावर दाटीवाटीनं प्रवास करत. १९२४ मध्ये अमेरिकेनं कायदा करून हे स्थलांतर आवळलं. तळमजले ओस पडू लागले, तेव्हा बोट कंपन्यांनी तेच जरा नीटनेटके केले आणि विद्यार्थी, शिक्षक, बेताच्या पैशांत फिरणारे यांना विकायला काढले. 'टुरिस्ट' वर्गाचं मूळ हे. स्वस्त जागेला नवं नाव देऊन नवं गिऱ्हाईक शोधायची ही रीत पुढं विमान कंपन्यांनी जशीच्या तशी उचलली.

अल्कॉक आणि ब्राउन या दोघा ब्रिटिशांनी जून १९१९ मध्ये विमानानं न थांबता अटलांटिक ओलांडला, त्याला साधारण सोळा तास लागले होते. पैसे भरून प्रवासी नेण्याचा दिवस उजाडायला त्यानंतर वीस वर्षं गेली. २८ जून १९३९ रोजी पॅन अमेरिकन या अमेरिकी विमान कंपनीचं 'डिक्सी क्लिपर' हे पाण्यावर उतरणारं विमान न्यूयॉर्कजवळून निघालं आणि अझोर्स, लिस्बन करत फ्रान्समधल्या मार्सेला पोचलं. जाऊन-येऊन भाडं ६७५ डॉलर. त्यात झोपायला बिछाने होते, जेवायला टेबलं मांडलेली होती. ते काही सामान्य माणसाचं वाहन नव्हतं.

महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये विमान कंपन्यांची संघटना 'आयाटा' स्थापन झाली. इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढची तीस वर्षं अटलांटिकवर कुणी किती भाडं घ्यायचं ते या संघटनेच्या बैठकांत ठरत होतं. एकमतानं ठरलेल्या भाड्यापेक्षा एक डॉलर कमी घ्यायचीही मुभा नव्हती. पॅन अमेरिकनचे प्रमुख हुआन ट्रिप यांना मात्र भाडं उतरवायचं होतं. विमानात माणसं जास्त बसवा, भाडं कमी करा, म्हणजे विमानं भरतील, हा त्यांचा हिशेब. १९४५ मध्येच त्यांनी न्यूयॉर्क-लंडनचं २७५ डॉलरचं भाडं जाहीर केलं होतं, पण ब्रिटननं ते चालू दिलं नाही. सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या युरोपीय कंपन्यांना ते परवडणारं नव्हतं.

ट्रिप यांचं म्हणणं मान्य व्हायला सात वर्षं लागली. १ मे १९५२ रोजी उत्तर अटलांटिकवर 'टुरिस्ट क्लास' सुरू झाला. पहिल्या वर्गाचं न्यूयॉर्क-लंडन एका बाजूचं भाडं होतं ३९५ डॉलर, टुरिस्टचं २७०. आजच्या हिशेबानं हे २७० म्हणजे तीन हजार डॉलरच्या घरात जातात, तेव्हा 'स्वस्त' हा शब्द जपूनच वापरावा. डीसी-६बी जातीच्या विमानात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा खुर्च्या बसवल्या. आपल्या जुन्या एसटीची मांडणी डोळ्यांसमोर आणा, तीच ती. आज आपण बसतो त्या जागेचा जन्म या दिवशी झाला असं मी धरतो. माणसाला जागा कमी द्यायची आणि त्या बदल्यात भाडं कमी घ्यायचं, हा सौदा त्या दिवशी पक्का झाला.

तेव्हा मराठवाडा कुठं होता? एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हा आपल्याकडं अजून निजामाची राजवट होती. मुक्तीला तीन महिने बाकी होते. १९५२ मध्येही परभणीच्या माणसाला मुंबई गाठायची तर मीटरगेजच्या गाडीनं मनमाडपर्यंत जायचं, तिथं सामान उतरवून गाडी बदलायची आणि मग पुढं. लंडन-न्यूयॉर्कचा विचार कुणाच्या मनालाही शिवला नसेल.

'इकॉनॉमी' हे नाव आलं १९५८ मध्ये, १ एप्रिलला. टुरिस्टपेक्षाही सुमारे २० टक्के कमी भाडं. आयाटानं दोन खुर्च्यांमधलं अंतर ३४ इंच ठरवून दिलं. हे अंतर मोजतात ते एका खुर्चीच्या एखाद्या बिंदूपासून मागच्या खुर्चीच्या त्याच बिंदूपर्यंत. म्हणजे त्यात खुर्चीची जाडीही आली. पायांना मिळणारी जागा त्याहून बरीच कमी. आणि जेवण? गरम जेवण नाही, फक्त सँडविच, तेही साधं, थंड आणि कमी खर्चाचं.

यावरून जो वाद पेटला तो 'सँडविच युद्ध' म्हणूनच ओळखला जातो. स्कँडिनेव्हियात सँडविच म्हणजे ब्रेडच्या एका कापावर मासे, मांस, चीज, अंडी यांचा ढीग, सुरी-काट्यानं खायचा. एसएएस या तिथल्या कंपनीनं इकॉनॉमीच्या प्रवाशांपुढं तेच ठेवलं. पॅन अमेरिकननं तक्रार केली की हे सँडविच नव्हे, पूर्ण जेवण आहे. बैठका झाल्या. सँडविचमध्ये ब्रेडचा बऱ्यापैकी भाग डोळ्यांना दिसला पाहिजे असं ठरलं, आणि एसएएसला २० हजार डॉलर दंड झाला. मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी ब्रेड किती दिसावा यावर भांडले, कारण भाड्यावर भांडायची परवानगीच नव्हती. मला यात त्या काळाचं चित्र फार स्पष्ट दिसतं. आईनं धपाट्याचा डबा उघडला तेव्हा मला हेच आठवत होतं. शेंगदाण्याच्या चटणीसोबत अर्धं धपाटं तिनं शेजारच्या पंजाबी आजींना दिलं, आणि ट्रेमधलं थंड पास्ता-सॅलड दोघींनी झाकून ठेवलं.

त्याच वर्षी जेट विमानं आली. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी ब्रिटनच्या बीओएसीचं कॉमेट, आणि २६ ऑक्टोबरला पॅन अमेरिकनचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला. अटलांटिक बोटीपेक्षा विमानानं ओलांडणारे जास्त झाले ते याच वर्षी. आणि याच वर्षी, २३ ऑगस्टला, औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. दोन्ही गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण औरंगाबादचं सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ चं, इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं, आणि या संस्थांतून शिकून बाहेर पडलेली मुलं पुढं याच इकॉनॉमीच्या खुर्चीवर बसून गेली.

त्यांच्यासाठी दोन दारं उघडली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर दोनच आठवड्यांनी, १४ मे १९६० रोजी एअर इंडियाची बोइंग ७०७ ची सेवा लंडनच्या पुढं न्यूयॉर्कपर्यंत गेली. जेट विमानानं अटलांटिक ओलांडणारी ती आशियातली पहिली कंपनी. आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये अमेरिकेनं १९२४ ची ती देशवार बंधनं उठवून डॉक्टर-इंजिनिअरांना वाट मोकळी केली. त्या पिढीतले लोक खिशात आठ डॉलर घेऊन उतरल्याच्या आठवणी सांगतात. परकीय चलनच तेवढं मिळायचं. सांताक्रूझला हार घालून निरोप द्यायला अख्खं घर यायचं. मात्र त्यांचे आईवडील क्वचितच तिकडं जाऊ शकले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला किंवा पाच-दहा एकरवाल्याला ते तिकीट झेपणारं नव्हतं. नातवंडं पाहायची ती निळ्या आंतरदेशीय पत्रासारख्या घडीच्या एरोग्रामवर लिहिलेल्या मजकुरात आणि कधीतरी आलेल्या फोटोत. वाड्याच्या भिंतीवर लावलेले तसले रंग उडालेले फोटो मी लहानपणी पुष्कळ पाहिले आहेत.

आईवडिलांचं जाणं शक्य झालं ते पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत. जानेवारी १९७० मध्ये पॅन अमेरिकननं न्यूयॉर्क-लंडन मार्गावर बोइंग ७४७ आणलं. खुर्च्यांमधून जायला दोन वाटा, साडेतीनशेच्या आसपास प्रवासी. एवढ्या खुर्च्या भरायच्या तर भाडं उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. २६ सप्टेंबर १९७७ रोजी फ्रेडी लेकर या ब्रिटिश उद्योजकाच्या 'स्कायट्रेन'नं लंडन-न्यूयॉर्क एका बाजूला ५९ पौंडांत न्यायला सुरुवात केली. आगाऊ बुकिंग नाही, रांगेत उभं राहून तिकीट घ्यायचं, जेवणाचे पैसे वेगळे. फेब्रुवारी १९८२ मध्ये लेकर यांचं दिवाळं निघालं, पण तोवर भाडी ठरवणारी जुनी व्यवस्था ढासळली होती. १९७८ मध्ये अमेरिकेनं देशांतर्गत विमानभाड्यांवरचं नियंत्रण कायद्यानं उठवलं होतं आणि त्याचे पडसाद परदेशी मार्गांवरही उमटले. १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांनाही नियमित अटलांटिक ओलांडायची मुभा मिळाली. चारऐवजी दोन इंजिनं म्हणजे इंधन कमी, खर्च कमी. नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरची मुलं गेली तेव्हा त्यांच्यामागून आईवडील जाऊ शकले, त्यामागं हे सगळं आहे.

भाडं ठरवायचं बंधन गेलं, तसं खुर्चीतल्या अंतराचंही गेलं. ३४ इंचांचे ३१ झाले, काही ठिकाणी त्याहूनही कमी. तीन इंच म्हणजे साधारण चार बोटं. पण हिशेब करून पाहा. ३४ इंचांनी तीस रांगा बसतात तेवढ्या लांबीत ३१ इंचांनी जवळजवळ तेहतीस बसतात. एका रांगेत दहा खुर्च्या धरल्या तर तीसेक तिकिटं जास्त, प्रत्येक फेरीला. रुंदीचंही तेच. बोइंग ७७७ मध्ये सुरुवातीला बहुतेक कंपन्या एका रांगेत नऊ खुर्च्या बसवत. आता बहुतेक ठिकाणी दहा आहेत. विमान तेवढंच, खुर्ची अठरा-साडेअठरा इंचांची सतरावर आली. आईच्या वाट्याला आलेली आतली खुर्ची अशीच तयार झाली.

याचा शरीराशी संबंध आहे आणि तो आपल्याकडच्या ज्येष्ठांपर्यंत पोचायला हवा असं मला मनापासून वाटतं. फार वेळ न हलता बसलं की पायाच्या आतल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. यालाच 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये अभ्यासाचे निष्कर्ष मांडले : चार तासांहून जास्त प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, तरी तो सहा हजारांत एकाच्या आसपास असतो. आणि तो विमानापुरता नाही. बस, रेल्वे, मोटार, कुठंही इतका वेळ न हलता बसलं तरी असतोच. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण तास-दीड तासानं उठायचं, बसल्या जागी टाचा-चवडे हलवत राहायचं. आपल्या आया मात्र उठत नाहीत. शेजारच्या दोघांना उठवायचा संकोच वाटतो, आणि संडासला जायला लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. केबिनमधली हवा आपल्या उन्हाळ्यासारखी कोरडी असते, त्यात पाणी तोडणं अगदी चुकीचं.

खुर्चीचं किमान माप सरकारनं ठरवावं असं अमेरिकी संसदेनं २०१८ मध्ये कायद्यातच लिहिलं. तिथल्या विमान वाहतूक खात्यानं आणीबाणीत प्रवासी किती वेळात बाहेर पडतात याच्या चाचण्या घेतल्या, २०२२ मध्ये लोकांची मतं मागवली आणि हजारो लोकांनी ती कळवली. माप मात्र त्यानंतरही ठरलं नाही.

पश्चिमेकडं जाताना वारा समोरून असतो, म्हणून लंडन-न्यूयॉर्कला येतानापेक्षा तासभर जास्त लागतो. दुपारी निघालेलं विमान सूर्याच्या मागं मागं जात राहतं. रोज दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावणारी आई दर थोड्या वेळानं पलीकडच्या खिडकीकडं पाहायची आणि मला विचारायची, "अजून मावळला नाही?" नेवार्कला उतरलो तेव्हाही ऊन होतं. बहिणीच्या घरी पोचल्यावर तिनं आधी बाळाला घेतलं नाही. हातपाय धुतले, दिवा लावला, मग घेतलं.

यंदा नातवाच्या वाढदिवसाला ती पुन्हा निघाली आहे. तिकीट काढताना या खेपेला वाटेच्या कडेची खुर्ची आधीच पैसे भरून घेतली. फोनवर तिनं दोनच गोष्टी विचारल्या : पाय सोडता येतील का, आणि धपाटे किती बांधू.