रामापिथेकस: वीस वर्षं आपला पूर्वज

सत्तरच्या दशकात ज्यांनी जीवशास्त्र घोकलं, त्यांना ‘माणसाचा सर्वांत जुना पूर्वज कोण?’ असं झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर येईल: रामापिथेकस. नाव पाठ व्हायला सोपं, राम आपला आणि जबडाही भारतात सापडलेला. त्या पूर्वजाचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही.

हिमालयाच्या पायथ्याला शिवालिकच्या टेकड्या आहेत. नद्यांनी लाखो वर्षं आणून टाकलेला गाळ उचलला जाऊन त्या बनल्या, म्हणून तिथे सस्तन प्राण्यांचे जीवाश्म भरपूर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या गाय पिल्ग्रिम यांनी १९१० साली तिथल्या एका कपीला (कपी म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यासारखा बिनशेपटीचा वानर) ‘शिवापिथेकस’ नाव दिलं. (‘पिथेकस’ म्हणजे ग्रीकमध्ये वानर.) १९३२ मध्ये येल विद्यापीठाचा विद्यार्थी जी. एडवर्ड लुईस याला आजच्या हिमाचलातल्या हरितल्यांगर इथे वरच्या जबड्याचा उजवीकडचा तुकडा मिळाला. १९३४ साली त्याने त्याचं ‘रामापिथेकस’ असं बारसं केलं. त्याच झपाट्यात ‘ब्रह्मापिथेकस’ आणि ‘सुग्रीवपिथेकस’ही झाले. किष्किंधाकांडच म्हणायचं.

लुईसचं म्हणणं होतं की हा प्राणी माणसाच्या बाजूचा आहे. अलेश हर्डलिच्का या वजनदार अभ्यासकाने १९३५ मध्ये ते खोडून काढलं आणि तुकडा विस्मरणात गेला. १९६१ साली येलच्याच एल्विन सायमन्स यांनी त्याला पुन्हा उजेडात आणलं आणि डेव्हिड पिलबीम त्यांच्या सोबतीला आले.

आता हा तुकडा जरा जवळून बघू. तळहातात सहज मावेल एवढा. दोन उपदाढा, दोन दाढा आणि पुढे सुळ्याची खोबण. खोबण लहान, म्हणजे सुळा लहान. सुळा लहान, म्हणजे फाडाफाडीचं काम दातांऐवजी हत्यारं करत असणार. हत्यारं धरायची तर हात मोकळे हवेत, म्हणजे हा दोन पायांवर चालत असणार. पायाचं एकही हाड हातात नसताना गडी उभा राहिला आणि चालायलाही लागला!

खरी गोम जबड्याच्या आकारात होती. चिंपांझीच्या दाढांच्या रांगा जवळजवळ समांतर असतात, आपल्या मागे फाकत जातात. ही रांग कुठल्या बाजूची हे ठरवायचं तर जबड्याचा मध्य हाताशी हवा, आणि नेमका तोच या तुकड्यात नव्हता. मग आरशातल्यासारखी दुसरी बाजू कल्पनेने जोडायची. तुकडा थोडा आत वळवला तर कपी, थोडा बाहेर वळवला तर माणूस. तो बाहेर वळवला गेला. पुढे १९७३ मध्ये ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी याच गटात धरलेले केनियातले तुकडे जुळवून पाहिले, तेव्हा जबडा माणसासारखा गोलाकार निघाला नाही.

खरा धक्का मात्र रक्तातून बसला. डेट्रॉइटमध्ये मॉरिस गुडमन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं की रक्तातल्या प्रथिनांवरून पाहता चिंपांझी आणि गोरिला ओरांगउटानपेक्षा माणसाच्या जास्त जवळचे आहेत. बर्कलेच्या व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी याच वाटेने जाऊन काळ मोजला. सशाला माणसाचं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की ती दुसऱ्या प्राण्याच्या अल्ब्युमिनला किती जोरात चिकटतात ते पाहायचं. जितकं कमी चिकटेल, तितकं नातं दूरचं. शेपटीवाली माकडं आणि कपी सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असं धरून त्यांनी हिशेब मांडला. १९६७ साली उत्तर आलं: माणूस आणि आफ्रिकी कपी यांची फारकत जेमतेम ५० लाख वर्षांपूर्वीची.

रामापिथेकसचं वय तेव्हा १ कोटी ४० लाख वर्षांपर्यंत सांगितलं जात होतं. मग तो माणसाचा पूर्वज होणार कसा? हाडवाल्यांनी रक्तवाल्यांना उडवून लावलं. सारिचही गप्प बसणारा नव्हता. ८० लाख वर्षांहून जुना जीवाश्म कसाही दिसो, तो माणसाच्या शाखेतला असूच शकत नाही, असं त्याने सुनावलं.

निकाल लावला तो पाकिस्तानातल्या पोटवार पठाराने. तिथे पिलबीम यांच्याच तुकडीला शिवापिथेकसचा बराचसा पूर्ण चेहरा मिळाला आणि १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डोळ्यांच्या खोबणी उभट, त्यांच्यातलं अंतर कमी, चेहरा मधे खोलगट: थेट ओरांगउटान. रामापिथेकस हा याच शिवापिथेकसचा, बहुधा मादीचा, नमुना ठरला. एकाच प्राण्याला दोन नावं असली की आधीचं टिकतं, म्हणून शिव राहिला आणि राम गेला. स्वतःच्या हाताने स्वतःचा सिद्धांत मोडणारा पिलबीम मला या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस वाटतो. नंतर मिळालेली शिवापिथेकसची दंडाची हाडं ओरांगउटानसारखी नव्हती, तेव्हा ते नातंही वाटलं तितकं सरळ नाही.

मग माणूस, कपी आणि माकडं यांच्या नरवानर गणात आपण कुठे? सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये माणसाला माकडांच्या पंगतीला बसवलं, पण पंगतीतली जागा ठरायला आणखी दोन शतकं गेली. चिंपांझीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक गोरिला नसून माणूस आहे, हे डीएनएच्या तुलनेतून पुढे आलं ते १९८४ च्या सुमारास. २००५ साली चिंपांझीचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा जुळणाऱ्या भागांत अक्षरागणिक फरक निघाला सुमारे १.२ टक्के.

‘माकडापासून माणूस झाला’ हे आपलं लाडकं वाक्य इथे घोटाळा करतं. महाराष्ट्रात कपी नाहीतच. आपण बघतो तो देवळातलं नारळ पळवणारा लाल तोंडाचा माकड, नाहीतर काळ्या तोंडाचा हुप्प्या, आणि दोघंही शेपटीवाले. चिंपांझी या दोघांपेक्षा आपल्याला कितीतरी जवळचा आहे आणि तोही पूर्वज नाही, चुलत भाऊ आहे.

शिवालिकमध्ये शोध चालूच आहे. २०१५ साली जम्मूतल्या रामनगरजवळ एक खालची दाढ सापडली, सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांची. २०२० मध्ये तिच्या धन्याचं नाव ठेवलं ‘कपी रामनगरेन्सिस’. ती अभ्यासणाऱ्यांनी तिला गिबन या छोट्या कपीच्या शाखेत बसवलं आहे. एका दाढेवरून त्याला दोन पायांवर चालवायची घाई या वेळी कुणी केली नाही.